कोविडच्या साथीतून नृत्यवर्ग तगला, पण कृतज्ञता वाटत नाही. त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर लगेच लक्षात येईल. तुमचा छोटा नृत्यवर्ग आहे. मार्च २०२० मध्ये तो बंद झाला, मग ऑनलाइन गेला, मग अर्ध्या पटावर उघडला, पुन्हा बंद झाला, पुन्हा उघडला. आज तो चालू आहे, पण जुने निम्मे विद्यार्थी परतले नाहीत, जागेच्या भाड्याची थकबाकी अजून फिटायची आहे आणि तुमच्याच हाताखाली तयार झालेल्या एका शिक्षिकेने काही मुली सोबत घेऊन स्वतःचा वर्ग काढला. भेटेल तो म्हणतो, "टिकलात हेच केवढं! आभार माना." तसा प्रयत्नही तुम्ही केलात. रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या. काही आठवड्यांतच तेच तेच यायला लागलं आणि आता वही उघडली की उलट खोटं वागल्यासारखं वाटतं. तुम्ही विचारता: माझ्यातच काही खोट आहे का? जे सोबत राहिले त्यांचे आभार मानायचे तर कसे? आणि यंदा वार्षिक कार्यक्रम करावा का?

मी दोन दशकांहून जास्त काळ वर्ग चालवते आहे, साथीतही चालवला. माझ्या अनुभवावरून सांगते, तुमच्यात खोट काही नाही. तुम्हाला जे करायला सांगितलं जातंय तेच मुळात अवघड आहे, कारण त्यात तुम्ही घडलेल्या गोष्टीबद्दल आभारी असावं अशी अपेक्षा आहे. ती गोष्ट तर वाईटच होती. तिने माणसं नेली, वर्षं नेली, पैसा नेला. तिच्याबद्दल कृतज्ञ वाटत नाही म्हणून स्वतःला टोचून घेऊ नका. कृतज्ञता वाटू शकते ती माणसांबद्दल, आणि त्यांनी केलेल्या एखाद्या नेमक्या कृतीबद्दल. तीसुद्धा मनात आपोआप उगवेल म्हणून वाट बघण्यापेक्षा हिशेब काढायला बसलं की लवकर सापडते. या उत्तरात मुख्यतः तो हिशेब कसा काढायचा हेच सांगणार आहे.

त्याआधी एक-दोन गोष्टी स्पष्ट करते. पुढचं सगळं तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. जागा स्वतःची होती की भाड्याची, घरात दुसरं उत्पन्न होतं की नाही, कर्ज काढावं लागलं का, हे सगळं मला माहीत नाही. ज्यांच्या घरचं माणूस त्या काळात गेलं, त्यांना तर मी कृतज्ञतेबद्दल काहीच सांगणार नाही. त्यांनी आधी शोक करावा, आणि तो किती दिवस करायचा हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. तुमच्या बाबतीत झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, नाचायला उभं राहणंही नको झालं असेल, तर डॉक्टरांना भेटा. वहीत चार ओळी लिहिणं हा त्यावरचा उपचार नाही.

आता तुमच्या रागाबद्दल. पत्रभर मला तो जाणवला, आणि त्याचा एक भाग असा आहे की सगळी दुकानं, कचेऱ्या उघडल्या तरी नृत्यवर्ग मात्र बंदच, जणू आपली कला कुणाच्या खिजगणतीतही नाही. मलाही हे फार लागलं होतं. कारण समजून घेतलं तेव्हा ते बरंच निवळलं, म्हणून इथे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही जागतिक साथ असल्याचं जाहीर केलं. त्याच्या आधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात फिटनेस डान्सच्या वर्गांतून लागण पसरली होती. १२ व्यायामकेंद्रं, २४ दिवस आणि ११२ रुग्ण. सुरुवात झाली ती प्रशिक्षकांच्या एका कार्यशाळेतून. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, लागण झालेली एक प्रशिक्षिका योग आणि पिलाटेसही शिकवत होती. त्या वर्गात माणसं मोजकी होती आणि व्यायाम संथ होता, तिथे कुणालाच लागण झाली नाही.

आपल्या खोलीत काय होतं ते आठवा. बंद दारं-खिडक्या, कारण आवाज बाहेर जायला नको. मोठ्याने लावलेलं संगीत, त्यामुळे शिकवणारीला त्याच्यावर ओरडून मात्रा मोजाव्या लागतात. सगळ्यांना धाप लागलेली. जोडीने करायचा नाच असेल तर हातात हात आणि चेहऱ्यासमोर चेहरा. हवेतून पसरणाऱ्या आजाराला आणखी काय हवं? आपल्याला शेवटी उघडू दिलं यात कलेचा अपमान नव्हता, आपल्या कामाचं स्वरूपच तसं आहे. हे पटलं तसं मला बंदीच्या आतही काम करायला जागा दिसायला लागली. तुकड्या लहान केल्या, खिडक्या सताड उघडल्या, जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखले, संगीताचा आवाज कमी केला आणि ओरडण्याऐवजी कानाला लावायचा माइक घेतला. तो माइक मी आजही वापरते. त्याने घसा वाचतो.

आता हिशेब. मानसशास्त्रात कृतज्ञतेच्या नोंदींवर जे अभ्यास झाले, त्यातला रॉबर्ट इमन्स आणि मायकल मॅककलो यांचा २००३ चा अभ्यास सगळ्यात जास्त उद्धृत होतो. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. ज्यांनी त्याऐवजी कटकटी लिहिल्या त्यांच्यापेक्षा या लोकांना आयुष्याबद्दल एकंदरीत बरं वाटत होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेलं निरीक्षण तुमच्या जास्त कामाचं आहे: आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोजचं केलं की त्यातला जीव जातो. तेव्हा तुमची रोजची वही कोरडी पडली यात नवल नाही. ती बंद करा. असल्या नोंदींचा परिणाम एकूणात माफकच असतो, हेही मनात असू द्या. आयुष्य पालटवण्याचं ओझं त्यांच्यावर टाकू नका.

माझा मार्ग जरा वेगळा आहे, आणि तो फक्त आपल्यासारख्या धंदा चालवणाऱ्यांनाच शक्य आहे, कारण आपल्याकडे कागद असतात. मार्च २०२० पासूनची फीची वही, हजेरीपट आणि बँकेचं पासबुक घेऊन बसा. सोबत त्या काळातले फोनमधले निरोप ठेवा. महिन्यामागून महिना घ्या आणि प्रत्येक महिन्यासमोर एकच प्रश्न लिहा: या महिन्यात वर्ग बंद का पडला नाही? उत्तरात "नशीब", "जिद्द", "सकारात्मक विचार" असे शब्द आले तर खोडा. माणसाचं नाव आणि त्याने काय केलं, एवढंच लिहायचं. त्यापुढे आणखी एक रकाना करा: त्याला त्याची काय झळ लागली? हा शेवटचा रकाना गाळू नका. आभार वाटणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं, देणाऱ्याने ते मनापासून दिलं का, त्याला त्याची किंमत किती मोजावी लागली आणि आपल्याला त्याचं मोल किती होतं. १९६८ सालच्या एका जुन्या अभ्यासातही हेच तीन घटक मांडलेले आहेत. "पालकांचा पाठिंबा मिळाला" असं लिहिलं की मनाला काहीच होत नाही. "स्वतःचा पगार कापला गेलेला असताना अमुकच्या आईने एप्रिलची फी मागच्या महिन्याच्याच तारखेला भरली" असं लिहिलं की होतं.

माझ्या यादीतलं एक नाव सांगते. ऑनलाइन वर्गात माझी एक विद्यार्थिनी फोन भिंतीला टेकवून ठेवायची. टाइल गुळगुळीत, ती पाय आपटून करायच्या हालचालीवर आली की फोन हळूहळू घसरायचा आणि मला तिच्या पावलांऐवजी छताचा पंखा दिसायला लागायचा. मग पडद्याच्या कडेने एक लहान हात यायचा आणि फोन सरळ करून जायचा. तिचा धाकटा भाऊ होता तो. पुढे पुढे तो फोन धरूनच बसायला लागला, आणि मी "पाय दाखव" म्हटलं की कॅमेरा खाली, "हात बघू" म्हटलं की वर. मला एकदाही त्याला सांगावं लागलं नाही. स्वतः नाचायची त्याला काही हौस नव्हती. बहिणीचं पाऊल त्या काळात सुधारलं ते त्याच्यामुळे, कारण मला ते दिसत होतं. वर्ग पुन्हा प्रत्यक्ष सुरू झाला तेव्हा मी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि सगळ्या मुलींसमोर सांगितलं की हा माझा कॅमेरामन. तुमच्याकडेही असे लोक असणारच. फीच्या वहीत त्यांची नावं नसतात, म्हणून हजेरीपट बघताना प्रत्येक मुलीमागे कोण उभं होतं ते आठवा. जेवणाचं टेबल रोज कोण सरकवायचं, कोण स्वतःची मीटिंग सोडून तिला लॅपटॉप द्यायचं, खालच्या मजल्यावरच्या कुणी आवाजाची तक्रार न करता सहन केलं.

ऑनलाइन शिकवण्याचं थोडं जास्त लिहिते, कारण तुम्ही ते "वाया गेलेली दोन वर्षं" म्हणालात आणि मला ते पटत नाही. संगीत मुलांपर्यंत उशिरा पोहोचतं, त्यांची हालचाल आपल्यापर्यंत आणखी उशिरा येते, त्यामुळे पडद्यावर सगळ्याच मुली बेतालच दिसतात. हे लक्षात येईपर्यंत मुली बिचाऱ्या विनाकारण बोलणी खात होत्या, असं अनेक शिक्षकांकडून मी ऐकलंय. त्यावर उपाय निघाले. सगळ्यांचा आवाज बंद करून ताल त्यांच्या त्यांच्या खोलीत वाजू द्यायचा, आणि आपण ताल बघायचाच नाही. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत येतो का, खांदे वर जातात का, नजर कुठे आहे, एवढंच बघायचं. झूमसारख्या सॉफ्टवेअरला पायाचा ठोका म्हणजे गोंगाट वाटतो आणि ते तो गिळून टाकतं. त्यासाठी "ओरिजिनल साउंड"ची सोय शोधावी लागली. आपल्याला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं पण मुलांना सरळ, त्यामुळे उजवं-डावं शिकवताना पाठ करून उभं राहणं सोयीचं पडलं. फुकटच्या झूमवर गटाची बैठक ४० मिनिटांत तुटायची, मग त्या ४० मिनिटांतच वॉर्म-अप, नवीन भाग आणि शेवटचं ताणणं बसवायचं. काँक्रीटवरच्या टाइलवर उड्या मारल्या तर नडगीला आणि गुडघ्यांना मार बसतो, म्हणून उड्या काढून टाकल्या आणि हात, पाठ, मान, श्वास यांवर काम केलं.

यातून जे हाती आलं ते माझ्या वर्गात अजून आहे. वरच्या धडाची हालचाल इतकी बारकाईने मी आधी शिकवत नव्हते, कारण उड्या आणि गिरक्या घेतल्या की तास रंगतो. हे मी साथीचे उपकार म्हणून सांगत नाही. ते शोधून काढलं तुम्ही, मी आणि आपल्या मुलींनी. तुमच्या हिशेबात एखाद्या महिन्यासमोर कुणाचंच नाव येत नसेल तर तिथे स्वतःचं लिहा, तेही नुसतं नाव नको, काय केलंत ते लिहा. मालकीण म्हणून हे लिहायला संकोच वाटेल, तरी लिहा.

तेव्हा आणखी एक घडत होतं. २०२० च्या वसंतात मोठमोठे कलावंत घरून फुकट शिकवत होते. इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तेव्हाच्या कलासंचालक तमारा रोहो स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून रोजचा वर्ग घ्यायच्या. अमेरिकेत नृत्यदिग्दर्शक डेबी ॲलन इन्स्टाग्रामवर शिकवत होत्या आणि एकेका तासाला हजारो लोक जोडले जात होते. पॅरिस ऑपेरा बॅलेच्या नर्तकांनी एप्रिलमध्ये आपापल्या घरातून नाचून आरोग्यसेवकांचे आणि त्या दिवसांत राबणाऱ्या सगळ्यांचे आभार मानले. ते बघताना डोळे भरून यायचे आणि त्याच क्षणी पोटात गोळा यायचा की एवढं चांगलं फुकट मिळत असताना माझ्या वर्गाची फी कोण भरेल? दोन्ही भावना खऱ्या होत्या. पुढे लोकांनी फी भरली, आणि का भरली हे एका पालकांनीच मला सांगितलं: "ताई, तिकडे तिला कुणी नावाने हाक मारत नाही." हजारोंच्या वर्गात "तुझा डावा खांदा उचलला जातोय" असं कुणी सांगू शकत नाही. आपण नेमकं कशासाठी पैसे घेतो हे मला त्या एका वाक्यात कळलं, आणि त्या पालकांचं नाव माझ्या यादीत त्या वाक्यासाठी आहे.

यादी तयार झाली की तिची वर्गवारी करा, आणि इथे फार कडक राहा. आपल्या क्षेत्रात कृतज्ञता आणि उधारी यांची मोठी सरमिसळ होते. ज्यांनी वर्ग बंद असताना फी भरली, त्यांनी ती देणगी म्हणून भरली की पुढच्या तासांची आगाऊ रक्कम म्हणून? माहीत नसेल तर सरळ विचारा. आगाऊ असेल तर ते तास देणं लागता. जागामालकाने भाडं माफ केलं असेल तर आभार. फक्त पुढे ढकललं असेल तर ते देणं आहे, भले त्यांनी ते सौजन्याने केलं असो. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे तुमच्या सहायक शिक्षिका. निम्म्या मानधनावर त्यांनी काम केलं असेल तर ते त्यांनी आनंदाने दिलं की दुसरा पर्याय नव्हता म्हणून? पर्याय नव्हता तर ती भेट म्हणता येत नाही. माझं मत ठाम आहे: जिथे थकबाकी आहे तिथे आधी पैसे पोहोचवा, आभाराचं पत्र नंतर. मी नवा आरसा, नवं फलक, नवी ध्वनियंत्रणा सगळं बाजूला ठेवून आधी शिक्षिकांची बाकी हप्त्याहप्त्याने दिली. एकदम शक्य नसेल तर रक्कम आणि तारखा कागदावर लिहून द्या. तोंडी "आपण बघू" म्हणू नका. हे फिटत जातं तसं मनही हलकं होतं, आणि ज्यांचं काही देणं नाही, ज्यांनी खरोखर नुसतंच दिलं, ती नावं वेगळी उठून दिसायला लागतात.

आता जे गेले त्यांच्याबद्दल. "निम्मे परत आले नाहीत" हे वाक्य तुम्ही विश्वासघात झाल्यासारखं लिहिलंय. आकडे बघून मग ठरवा. मुलांच्या वर्गातून दरवर्षी काही जणी जातातच: परीक्षा येतात, शाळा बदलते, घर बदलतं, दुसरा छंद लागतो. एरवी ते जाणवत नाही, कारण तितक्याच नव्या लहान मुली दाखल होतात. साथीत जाणं चालू राहिलं आणि येणं थांबलं. मार्च २०२० मध्ये जी बारा वर्षांची होती ती, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं तोवर, पंधराची झाली होती. त्या वयात कितीतरी मुली तशाही वर्ग सोडतात. २०१८ आणि २०१९ चे हजेरीपट काढा, दरवर्षी किती गेल्या ते मोजा आणि तोच वेग तीन वर्षांना लावून बघा. माझ्याकडे असं दिसलं की गेलेल्यांतल्या बऱ्याच जणी कधीतरी जाणारच होत्या. खरी पोकळी होती ती त्या तीन वर्षांत न आलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलींची. तुमच्याकडेही तसं निघालं तर दोन गोष्टी होतील. जुन्या मुलींवरचा राग ओसरेल, आणि जाहिरात कुणासाठी करायची ते कळेल. जुन्यांना परत बोलावण्यात शक्ती घालवण्यापेक्षा लहान मुलांची नवी तुकडी उघडा, आणि तिला नवशिक्यांसारखं सावकाश शिकवा. काही मुलं साथीच्या दिवसांत घरातच वाढली आहेत, गटात रांगेत उभं राहणं, दुसऱ्याला धक्का न लागता वळणं यालाच त्यांना वेळ लागतो.

वेगळा वर्ग काढणाऱ्या तुमच्या शिक्षिकेबद्दल मी जपून लिहिते, कारण मला एकच बाजू माहीत आहे. ती तुमच्या यादीत एखाद्या महिन्यासमोर येते का ते बघा. येत असेल, तर लिहा. २०२० मध्ये तिने लहान मुलींचा गट सांभाळला असेल तर तो तिने सांभाळलाच, २०२२ मध्ये काय केलं त्याने ते पुसलं जात नाही. तसंच, तिने तेव्हा मदत केली म्हणून आज तुम्हाला वाईट वाटायलाच नको असंही नाही. तिचं काही मानधन राहिलं असेल तर तेही द्या. राग असतानाही देता येतं. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवसांत तिच्याही घरी भाडं, वाणसामान हे प्रश्न असतीलच.

सोबत राहिलेल्यांचे आभार कसे मानायचे, हा तुमचा दुसरा प्रश्न. सगळ्यांना एकच मोठा निरोप पाठवू नका. एकेकाला, त्याच्या नावाने, त्याने केलेली नेमकी गोष्ट लिहून पाठवा. लांबण नको. उदाहरणार्थ: "ऑगस्ट २०२० मध्ये वर्गात चारच मुली उरल्या होत्या. मी तो गट बंद करणार होते. तुम्ही तेव्हा आणखी दोन मैत्रिणींना आणलंत आणि तो गट तगला. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून आज लिहितेय." एवढंच. त्याखाली नव्या तुकडीची माहिती, सवलत, "आमच्याबद्दल चार ओळी लिहा" असं काहीही जोडू नका. ते जोडलं की वाचणाऱ्याला वाटतं की मूळ काम तेच होतं. उशीर झाला म्हणून संकोचू नका, इतक्या वर्षांनी आलेला असा निरोप लोकांना उलट जास्त भिडतो. ज्यांच्या घरी कुणी गेलं असेल तिथे निरोपाऐवजी फोन करा, आणि आधी त्यांची विचारपूस करा. आठवड्याला दोन-तीन निरोप पुरेत. एका बैठकीत सगळे लिहायला गेलात तर शेवटचे दहा सारखेच निघतील.

इथवरचं एकदा जुळवून घेते, कारण बरंच बोलले. रोजची वही बंद. कागद काढून महिन्यागणिक नावं. त्यातलं देणं वेगळं, भेट वेगळी. देणं आधी फेडायचं. गेलेल्यांचा हिशेब गळतीच्या नेहमीच्या वेगाशी ताडून बघायचा. मग आभार, एकेकाला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पत्रात दोन ठिकाणी डोकावते: "एवढ्या लोकांनी साथ दिली, आता बंद कसा करू?" आभारी असणं आणि वर्ग चालू ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ग चालेल की नाही हे पटावर, भाड्यावर आणि तुमच्या गुडघ्यांवर ठरतं. ज्यांनी तेव्हा फी भरली त्यांनी तुम्हाला जन्मभर बांधून घेतलेलं नाही. माझा सल्ला असा की नव्या प्रवेशांचे दोन हंगाम द्या. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी भाडं आणि मानधन जाऊन तुमच्या हाती काही उरत नसेल, तर जागा लहान करा, दुसऱ्या वर्गासोबत जागा वाटून घ्या किंवा थांबा. थांबलात तरी यादीतलं एकही नाव खोटं ठरत नाही. तोवर आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या. दोन वर्षं लॅपटॉपसमोर ओरडून आणि कडक फरशीवर करून दाखवून शरीराची जी झीज झाली ती आपण मोजलेलीच नाही, आणि थकलेल्या माणसाला कुठलंच बरं वाटणं सोपं नसतं.

राहिला वार्षिक कार्यक्रम. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की करावा, पण लहान. मोठं नाट्यगृह, भाड्याची वेशभूषा आणि दिवे यांचा खर्च थकबाकीच्या आधी करू नका. वर्गातच, खुर्च्या मांडून, दिवसाउजेडी करा. २९ एप्रिलला आंतरराष्ट्रीय नृत्यदिन असतो, २०२० मध्ये तो कितीतरी शिक्षकांनी रिकाम्या वर्गात काढला. तारीख हवी असेल तर ती चांगली आहे. ज्या मुली ऑनलाइनच दाखल झाल्या आणि कधीच माणसांसमोर नाचल्या नाहीत, त्यांना पहिली संधी द्या. "साथीवर विजय" असलं नाव मात्र देऊ नका, प्रेक्षकांत कुणाचं काय गेलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. पत्रिकेच्या मागच्या पानावर यादीतली नावं आणि प्रत्येकाने काय केलं ते एकेका ओळीत छापा, त्यांची परवानगी घेऊन. भाषणात आभार मानण्यापेक्षा ते बरं, लोक घरी नेऊन वाचतात. शिक्षिकांच्या बाकीचे हप्ते ठरवताना अडलात तर पट, भाडं आणि एकूण बाकी असे आकडे कळवा. त्याशिवाय त्याबद्दल नीट काही सांगता येणार नाही.